मुलुंडचा ‘बाल्ड ईगल’ : गैरसमज आणि वस्तुस्थिती

मुलुंड कॉलनी, योगी हिल्स, वैशालीनगर या डोंगराकडच्या भागांतल्या गच्च्यांवरून काढलेला एक फोटो सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर अधूनमधून फिरतो. पांढरं डोकं, विटकरी-तपकिरी अंग, आकडीसारखी चोच. खाली मजकूर असतो : तलावाच्या बाजूला बाल्ड ईगल दिसला, सोबत पिल्लंही आहेत, सगळ्यांना पाठवा. फोटो बहुतेक वेळा खरा असतो, जागाही खरी असते. नाव तेवढं चुकलेलं असतं.

चूक समजण्यासारखी आहे. अमेरिकेचा हा गरुड आपण सिनेमात, डॉलरच्या नोटेवर, निसर्गवाहिन्यांवर इतक्या वेळा पाहिला आहे की तो ओळखीचा वाटतो. आपल्याच डोक्यावरून रोज जाणाऱ्या पक्ष्याकडे मात्र कुणी नीट मान वर करून पाहिलेलं नसतं.

मुलुंडला असे पक्षी इतके का दिसतात, हे नकाशावर बोट ठेवलं की कळतं. पश्चिमेला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर आहे. त्याच्या पलीकडे विहार (१८६०) आणि तुळशी (१८७९) हे मुंबईला पाणी देणारे दोन जुने तलाव आणि दक्षिणेला पवई. पूर्वेला मिठागरं, खारफुटी आणि ठाण्याची खाडी. जंगल, गोडं पाणी, खारं पाणी अशा तिन्ही ठिकाणी शिकार करणाऱ्या पक्ष्यांना इकडून तिकडे जायचं तर मुलुंडवरूनच जावं लागतं. त्यामुळे एकाच गच्चीवरून वर्षभरात अनेक जातींचे शिकारी पक्षी दिसू शकतात. त्यांना डोक्याच्या रंगावरून ओळखायला गेलं की फसगत ठरलेली. शेपटीचा आकार, पंखांची ठेवण, उडण्याची ढब आणि कॅलेंडरवरचा महिना या चार गोष्टी पाहिल्या, तर बहुतेक गैरसमज जागच्या जागी मिटतात.

गैरसमज १ : पांढऱ्या डोक्याचा, तपकिरी अंगाचा शिकारी पक्षी म्हणजे बाल्ड ईगल.

वस्तुस्थिती : मुलुंडला दिसणारा असा पक्षी जवळजवळ नेहमी ब्राह्मणी घार असते. डोकं, मान आणि छाती पांढरी, बाकी अंग विटकरी, पंखांची टोकं काळी. ही आपल्या किनाऱ्यावरची, खाड्यांवरची आणि तलावांवरची कायमची रहिवासी आहे. ससून डॉकपासून कोकणातल्या लहानशा मासळी बंदरापर्यंत, जिथे मासळी उतरते तिथे ती घिरट्या घालते. मेलेले मासे, खेकडे, बेडूक, किडे असं तिचं खाणं. दुसऱ्या पक्ष्याच्या पायातला मासा हिसकावून घेण्यातही तिला संकोच नाही.

दोघांतला पहिला मोठा फरक आकाराचा. बाल्ड ईगलच्या पसरलेल्या पंखांची रुंदी साधारण १.८ ते २.३ मीटर भरते आणि वजन ३ ते ६ किलो. ब्राह्मणी घारीचे पंख पसरले तरी सव्वा मीटरच्या आत राहतात, आणि वजन अर्ध्या किलोच्या आसपास. पण आकाशात शेजारी मोजपट्टी नसते, आणि झूम केलेल्या फोटोत तर आकाराचा अंदाज पार बिघडतो. म्हणून दुसरा फरक पाहावा, तो शेपटीचा. प्रौढ बाल्ड ईगलची शेपटी डोक्याइतकीच पांढरीशुभ्र असते. ब्राह्मणी घारीची शेपटी विटकरी, टोकाला फिकट आणि पंख्यासारखी गोलसर असते. फोटोतल्या पक्ष्याची शेपटी पांढरी नसेल, तर अमेरिकेचा विषय तिथेच संपला.

विष्णूचं वाहन असलेला गरुड म्हणून आपल्याकडे, विशेषतः दक्षिणेत, हाच पक्षी मानला जातो. आग्नेय आशियातही त्याला मान आहे : इंडोनेशियातल्या जाकार्ता शहराचं बोधचिन्ह हाच पक्षी आहे आणि मलेशियातल्या लंकावी बेटावर समुद्राकाठी त्याचा भव्य पुतळा उभा आहे. मुलुंडकरांना तो फुकटात, घरबसल्या दिसतो.

गैरसमज २ : डोकं अर्धवट पांढरं आहे, म्हणजे ते बाल्ड ईगलचं पिल्लू असणार.

वस्तुस्थिती : इथे गाडी बरोबर उलट्या दिशेने गेलेली असते. बाल्ड ईगलच्या पिल्लाचं डोकं पांढरं नसतंच. पहिल्या वर्षी पक्षी सगळाच गडद तपकिरी असतो. चोच आणि डोळेही काळपट. पुढची दोन-तीन वर्षं पोटावर आणि पंखांखाली पांढरे डाग येतात-जातात. चौथ्या वर्षाच्या सुमारास चेहरा उजळतो, पण डोळ्यामागे काळी पट्टी उरते. पांढरं डोकं, पांढरी शेपटी आणि पिवळी चोच हा पूर्ण वेश साधारण पाचव्या वर्षी मिळतो. खुद्द अमेरिकेतही तळ्याकाठी दिसलेला तपकिरी तरुण बाल्ड ईगल लोक हमखास दुसराच गरुड समजतात.

शिकारी पक्ष्यांत पिसांचा रंग हा शाळेच्या गणवेशासारखा असतो : इयत्ता बदलली की तो बदलतो, आणि गणवेशावरून मुलाचं घराणं कळत नाही. म्हणून ‘पांढरट डोक्याचं पिल्लू’ दिसलं की आपल्याकडचे उमेदवार आधी तपासावेत.

पहिली उमेदवार पुन्हा ब्राह्मणी घारच. तिचं पिल्लू तपकिरी आणि रेघारेघांचं असतं, लांबून साध्या घारीसारखं. वर्षभराने डोकं आणि छाती मळकट पांढरी होऊ लागते, अंग मात्र अजून फिकट तपकिरीच असतं. विटकरी रंग पुरता चढायला तिसरं वर्ष उजाडतं. गटांवर ‘बाल्ड ईगलचं पिल्लू’ म्हणून फिरणारा पक्षी बऱ्याचदा या मधल्या वयातला असतो.

दुसरी मोरघार. ही राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलातली. तिच्या पिल्लाचं डोकं आणि पोट खरोखरच पांढरट असतं आणि वय वाढतं तसं ते गडद होत जातं. तिसरा सर्पगरुड. त्याच्याही पिल्लाचं डोकं फिकट असतं, कानाजवळ काळा पट्टा असतो. प्रौढ सर्पगरुड मात्र ओळखायला सोपा : उडताना पंखांच्या मागच्या कडेजवळून आणि शेपटीतून जाणारा रुंद पांढरा पट्टा खालून स्पष्ट दिसतो, आणि त्याची चढ्या सुरातली शीळ डोंगराखालच्या इमारतींपर्यंत ऐकू येते.

गैरसमज ३ : हिवाळ्यात फ्लेमिंगो येतात, तसाच हाही परदेशातून येत असेल.

वस्तुस्थिती : बाल्ड ईगल उत्तर अमेरिकेचा पक्षी आहे. अलास्का आणि कॅनडापासून मेक्सिकोच्या उत्तर भागापर्यंत त्याचं राज्य. कडाक्याच्या थंडीत उत्तरेकडचे पक्षी दक्षिणेला सरकतात, पण त्याच खंडात. क्वचित एखादा भरकटून अटलांटिकपलीकडे आयर्लंडला पोहोचल्याच्या मोजक्या नोंदी आहेत. भारतात निसर्गात तो आढळल्याची नोंद नाही. आपल्या भागाशी नातं सांगायचं तर युरोप-आशियातला पांढऱ्या शेपटीचा समुद्रगरुड हा त्याचा सर्वांत जवळचा भाऊबंद, आणि तोही हिवाळ्यात येतो तो मुख्यतः उत्तर भारतात.

पण ‘परदेशातून कुणीतरी येतं’ हा अंदाज मात्र बरोबर आहे. ठाणे खाडीचा मोठा पट्टा २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. तिथल्या चिखलाटांवर आणि भांडुप पंपिंग स्टेशनच्या परिसरात हिवाळ्यात फ्लेमिंगोंबरोबर शिकारी पाहुणेही उतरतात. त्यांतले दोघे हमखास घोटाळा करतात.

एक दलदल भोवत्या. याची मादी आणि पिल्लं गडद तपकिरी, आणि माथा मात्र मलईसारखा पिवळट-पांढरा. ‘तपकिरी अंग, पांढरं डोकं’ या वर्णनात ती चपखल बसते. पण तिची ढब निराळी : पाणथळीवरून, गवतावरून अगदी खालून, पंख इंग्रजी ‘व्ही’सारखे उचलून ती सावकाश तरंगत जाते. ब्राह्मणी घार अशी जमिनीला लागून गस्त घालत नाही.

दुसरा ऑस्प्रे. डोकं पांढरं, डोळ्यावरून जाणारी ठळक काळी पट्टी, पोट पांढरं, पंख लांब, अरुंद आणि मनगटाशी वाकलेले. तो पाण्यावर एका जागी फडफडत थांबतो आणि पाय पुढे करून सरळ पाण्यात झेपावतो. त्याचं बाहेरचं बोट मागे वळू शकतं, त्यामुळे दोन बोटं पुढे, दोन मागे अशी निसरड्या माशावर पकड बसते. विहार किंवा पवईवर असं दृश्य दिसलं, तर तो दिवस डायरीत लिहून ठेवण्यासारखा.

गैरसमज ४ : मुलुंडवर घिरट्या घालणारे ते मोठे तपकिरी पक्षी गरुडच. घार म्हातारी झाली की तिचं डोकं पांढरं होतं.

वस्तुस्थिती : डझनांनी घिरट्या घालणारे पक्षी म्हणजे साधी घार. ब्राह्मणी घार ही वेगळी जात आहे. साधी घार कितीही जगली तरी ब्राह्मणी होत नाही, आणि दोन्हींपैकी कुणीच पुढे गरुड होत नाही. साध्या घारीची खूण एकच लक्षात ठेवावी : शेपटीच्या टोकाला खाच. वळताना ती शेपटी सुकाणूसारखी तिरकी करते. शेपटी पूर्ण पसरली की खाच मिटल्यासारखी दिसते, म्हणून एका फोटोवर न थांबता पक्षी थोडा वेळ पाहावा.

या घारीचं महाराष्ट्राशी जुनं नातं आहे. तिच्या भारतीय उपजातीला शास्त्रीय नावात ‘गोविंदा’ म्हणतात. ते नाव १८३२ मध्ये कर्नल विल्यम साइक्स याने दिलं. हा मुंबई इलाख्याच्या सैन्यातला अधिकारी दख्खनमध्ये फिरून आकडेवारी जमवत असे, आणि त्याचबरोबर इथल्या पक्ष्यांची यादीही करत असे.

मुलुंडला घारी फार, याचं एक कारण पूर्वेला होतं. हरिओम नगरजवळचं सुमारे २४ हेक्टरांचं डम्पिंग ग्राउंड १९६७ पासून २०१८ पर्यंत चालू होतं. कचऱ्यातलं मांस, उंदीर आणि वर चढणाऱ्या गरम हवेचे झोत यांमुळे घारींना तिथे बसल्या जागी सगळं मिळे. डम्पिंग बंद झालं म्हणून घारी गाव सोडून गेल्या नाहीत. मासळी-मटणाचे बाजार आहेत, खाडी आहे, आणि घरट्यासाठी उंच झाडांबरोबर मोबाइलचे मनोरेही आहेत. घारीच्या घरट्यात काटक्यांबरोबर चिंध्या, तारा, प्लास्टिकही सापडतं.

हिवाळ्यात स्थानिक घारींत पाहुण्या घारीही मिसळतात. काळ्या कानाची घार मध्य आशियातून येते. दिल्लीत टॅग लावलेल्या अशा घारी हिमालय-काराकोरम ओलांडून परत जातात, हे भारतीय वन्यजीव संस्थेच्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं आहे. परदेशी पाहुणा पाहायचाच असेल, तर तो या रोजच्या थव्यातच लपलेला असू शकतो.

गैरसमज ५ : घार किंवा गरुड लहान मूल उचलून नेऊ शकतो.

वस्तुस्थिती : साध्या घारीचं वजन एका किलोच्या आत असतं. एवढा पक्षी जेमतेम उंदराएवढं ओझं घेऊन उडतो. मूल उचलणं त्याच्या आवाक्यातलंच नाही. २०१२ च्या डिसेंबरमध्ये मॉन्ट्रियलच्या बागेतून गरुडाने बाळ उचलल्याचा व्हिडिओ जगभर पसरला होता. तो तिथल्या ॲनिमेशनच्या विद्यार्थ्यांनी संगणकावर तयार केला होता आणि त्यांच्या संस्थेने लगेच तसं जाहीरही केलं. तरी तो अजून फिरतोच आहे.

घार माणसावर झडप घालते, हे मात्र खरं. त्याची कारणं दोन. घरट्यात पिल्लं असली की गच्चीवर येणाऱ्याला ती हुसकावते. हा काळ साधारण जानेवारी ते एप्रिल. पिल्लं उडाली की प्रकरण आपोआप थांबतं, तोवर गच्चीवर छत्री किंवा टोपी घेऊन जावं. दुसरं कारण आपणच तयार करतो. कौतुकाने मांसाचे तुकडे हवेत उडवून घारींना खाऊ घातलं की त्यांना माणसाच्या हाताची सवय लागते. मग शेजारच्याच्या हातातला वडापावही त्यांना आपलाच वाटतो.

गैरसमज ६ : चाळिसाव्या वर्षी गरुड चोच आपटून फोडतो, नखं-पिसं उपटतो आणि पुन्हा तीस वर्षं जगतो. शिवाय पिल्लाला उडायला शिकवण्यासाठी घरट्यातून ढकलून देतो.

वस्तुस्थिती : हा प्रेरणादायी मजकूर निरोप समारंभात, कंपन्यांच्या प्रशिक्षणात आणि सुप्रभातच्या संदेशांत वर्षानुवर्षं ऐकू येतो. त्यातलं एकही वाक्य खरं नाही. चोचीच्या आत हाड असतं आणि त्यावर आपल्या नखांसारखं केराटिनचं आवरण. हे आवरण घासलं जातं तसं सतत वाढतं, त्यामुळे फोडून नवं आणण्याची गरजच नसते. चोच मुळापासून तुटली तर पक्षी काही दिवसांत उपाशी मरेल. पिसंही एकदम उपटली जात नाहीत; दरवर्षी ती थोडी थोडी गळतात आणि नवी येतात, कारण सगळी एकदम गेली तर शिकार कशी करणार? जंगलातला बाल्ड ईगल साधारण २० ते ३० वर्षं जगतो. वळं घातलेल्या बाल्ड ईगलचं सर्वाधिक नोंदलेलं वय ३८ वर्षं आहे. न्यूयॉर्क राज्यातला तो पक्षी २०१५ मध्ये मेलेला सापडला. म्हणजे तो विक्रमवीरसुद्धा या गोष्टीतल्या ‘चाळिसाव्या वर्षा’पर्यंत पोहोचला नव्हता.

ढकलण्याची गोष्टही तशीच. पिल्लं आधी घरट्यात उभं राहून पंख फडफडवतात, मग बाजूच्या फांद्यांवर उड्या मारतात. आईबाप कधी खाणं घेऊन थोड्या अंतरावर बसतात, आणि भूक पिल्लाला पुढे नेते. त्यात धक्काबुक्की नसते.

बाल्ड ईगलकडून प्रेरणा घ्यायचीच असेल, तर खरी गोष्ट जास्त दमदार आहे. डीडीटीमुळे त्याच्या अंड्यांची कवचं पातळ होऊन उबवतानाच फुटत होती. १९६३ मध्ये अलास्का सोडून उरलेल्या अमेरिकेत त्याच्या घरटी करणाऱ्या जेमतेम ४१७ जोड्या उरल्या होत्या. १९७२ मध्ये तिथे डीडीटीवर बंदी आली, संरक्षण मिळालं, आणि २००७ मध्ये तो धोक्यातल्या जातींच्या यादीतून बाहेर आला. तो चोच आपटून वाचला नाही. एका कीटकनाशकावर वेळेत बंदी घातली गेली म्हणून वाचला.

गैरसमज ७ : खाली बसलेलं घारीचं पिल्लू अनाथ असतं. घरी आणून दूध-भात भरवावा.

वस्तुस्थिती : एप्रिल-मेमध्ये कंपाउंडमध्ये बसलेलं पिल्लू बहुतेक वेळा उडायला शिकत असतं आणि आईबाप आसपासच्या झाडावरच असतात. जखम नसेल तर कुत्री-मांजरं लांब ठेवावीत आणि दूर राहून लक्ष ठेवावं. रस्त्यावर असेल तर जवळच्या उंच, सुरक्षित जागी हलवावं. दूध पक्ष्यांना पचत नाही, आणि मांसाहारी पिल्लाला भात देणं म्हणजे त्याचं पोषणच मारणं. शिवाय वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार असा पक्षी घरी पाळणं गुन्हा आहे.

पक्षी खरोखर जखमी असेल, तर हवेची भोकं असलेल्या खोक्यात, अंधारात आणि शांत जागी ठेवून वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावं. संक्रांतीच्या आसपास अशी प्रकरणं वाढतात. मुलुंडमध्ये पतंग हौसेने उडतात, आणि नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली असली तरी तो सापडतोच. जानेवारी हा घारींच्या विणीचा काळ. मांजाने पंख कापला गेलेला पक्षी अनेकदा कुणाचा तरी आईबाप असतो. पंखात अडकलेला मांजा ओढू नये. दोन्ही बाजूंनी कापावा आणि उरलेलं काम जाणकारांवर सोपवावं.

गैरसमज ८ : बाल्ड ईगल नाही, म्हणजे मुंबईजवळ खरा मोठा गरुड दिसणारच नाही.

वस्तुस्थिती : दिसू शकतो. पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुड हा बाल्ड ईगलच्याच गोतातला आणि जवळपास त्याच्याच मापाचा पक्षी कोकण किनाऱ्यावर घरटी करतो. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात त्याच्या घरट्यांचा अभ्यास केला आहे. त्याचं डोकं आणि पोट पांढरं, पाठ राखाडी आणि शेपटी आखूड, पाचरीसारखी. पिल्लू मात्र तपकिरी. मुंबईच्या आसपास तो क्वचितच येतो, म्हणून ठाणे खाडीवर किंवा ऐरोलीच्या पुलावरून असा पक्षी दिसला तर ती खरी बातमी. हिवाळ्यात खाडीकाठी ठिपकेदार गरुडही येतो. त्याच्या पिल्लाच्या गडद पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांच्या ओळी असतात.

फोटो पाठवण्यापूर्वी

पक्षी दिसला की आधी खालून दिसणारी शेपटी टिपावी : खाच, गोल, पाचर की पांढरा पट्टा? मग पंख सपाट आहेत, ‘व्ही’सारखे उचललेले की मनगटाशी वाकलेले? तो उंच घिरट्या घालतोय, गवतालगत तरंगतोय की पाण्यावर थांबतोय? तारीख, वेळ आणि जागा लिहावी. फोनमधल्या ओळख-ॲपला विचारताना ठिकाण मुंबई आहे, हे त्याला सांगितलंय ना, ते पाहावं. नाहीतर ते निमूट अमेरिकेतलं उत्तर देईल. आवाज ऐकू आला तर तोही मोबाइलवर घ्यावा. ब्राह्मणी घार रडक्या, अनुनासिक सुरात ओरडते. सिनेमात गरुड दिसताच जी करारी किंकाळी ऐकू येते, ती तर बाल्ड ईगलचीही नसते. तिथे बहुधा लाल शेपटीच्या हॉकचा आवाज चिकटवलेला असतो.

ही माहिती ईबर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर टाकली तर तिचा पुढे उपयोग होतो. २०२३ चा ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ अहवाल देशभरातल्या सुमारे ३०,००० पक्षिनिरीक्षकांच्या ३ कोटी नोंदींवर उभा आहे, आणि त्यात शिकारी पक्ष्यांच्या घटीचा इशारा आहे. मुलुंडच्या गच्चीवरून योग्य नावाने, तारखेसह नोंदलेली एक ब्राह्मणी घार या हिशेबात धरली जाते. ‘बाल्ड ईगल’ म्हणून फिरवलेले शंभर फोटो धरले जात नाहीत.